व्हिएतनामहून परतलेल्या आईला पुण्यात फो कुठे खायला नेऊ?

डहाणूकर कॉलनी

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आई-बाबा नुकतेच इथल्याच एका टूर कंपनीबरोबर व्हिएतनाम करून आले. सहल उत्तम झाली. बा ना हिल्सच्या त्या मोठ्या हातांच्या पुलावरचे फोटो सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचले. तक्रार फक्त जेवणाची, आणि तीही उलटी. इतरांना परदेशात पोळी-भाजी मिळाली नाही म्हणून राग येतो, आमच्या मातोश्रींना रोज मिळाली म्हणून आला. हनोईत पनीर, दा नांगला पनीर, हालोंगच्या बोटीवर जिरा राइस. "पनीरच खायचं होतं तर कर्वे रोड काय वाईट होता?" असं तिने टूर मॅनेजरला तोंडावर विचारलं म्हणे.

शेवटी एका सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला तिने ग्रुपची उपम्याची रांग सोडली आणि कोपऱ्यात एक बाई मोठ्या पातेल्यातून काहीतरी वाढत होती तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. चिकनचं फो, म्हणजे नितळ रश्श्यातल्या तांदळाच्या नूडल्स. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आई रश्श्याच्या बाबतीत स्वतःला कुणापेक्षा कमी समजत नाही, त्यामुळे तिला ते लागलंय. "तेलाचा तवंग नाही, तिखट नाही, खालचा तळ दिसतो इतकं नितळ. मग चव येते कुठून?" हा प्रश्न ती आम्हाला दिवसातून एकदा तरी विचारते.

मागच्या रविवारी एका मॉलमध्ये नेलं. कार्डावर फो होतं. आलं ते कॉर्नफ्लोअरने दाट केलेलं सूप, त्यात नूडल्स, वर पातीचा कांदा. आईने दोन चमचे खाल्ले आणि बिल येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तर अटी अशा. आम्ही चौघं. आई मासे, चिकन खाते, संकष्टी आणि श्रावण सोडून. बाबा पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि 'तुमच्या नादाने मी उपाशी राहतो' हे वाक्य घरातून निघतानाच तयार असतं. बजेट साडेतीन-चार हजारांच्या आत. गाडी लावायला जागा मिळाली तर देव पावला. फोच हवं असा हट्ट नाही, पण जे असेल ते खरं असावं. थाई, जपानी, कोरियन, काहीही चालेल. सुचवा.

खाऊगल्ली

कशाला एवढा व्याप? संध्याकाळी सात वाजता आपल्या भागातल्या कुठल्याही चायनीजच्या गाडीवर उभं राहा. शेजवान राइस, वर तळलेल्या नूडल्स, बाजूला ती लाल चटणी. पन्नास वर्षांची परंपरा आहे म्हटलं. मंचुरियन मुंबईत १९७५ मध्ये क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात नेल्सन वाँग यांनी केलं म्हणतात, म्हणजे ते आपल्याच महाराष्ट्राचं. बसूनच खायचं तर कर्वे रोडला चायनीज रूम आहे, तुम्हाला घरापासून दहा मिनिटं. काकांना व्हेज हक्का मिळेल, कुणी उपाशी राहणार नाही.

डहाणूकर कॉलनी

तिथे आम्ही माझ्या शाळेपासून जातोय हो. आवडतंच. पण आईपुढे आत्ता मंचुरियन ठेवलं तर ती मला घराबाहेर काढेल.

चाकण शिफ्ट

मी चाकणला एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळचे क्लास करून जपानीची एन-टू परीक्षा पास झाले, आणि तेव्हापासून आलेल्या पाहुण्यांना रात्री कुठे जेवायला न्यायचं हे ठरवणं हे माझं दुसरं काम होऊन बसलंय. पहिल्या कामाचा पगार मिळतो. दुसऱ्याचं काही मिळत नाही, मतं तेवढी साचतात. तर वाचा.

मॉलमध्ये जे झालं त्याचं नवल नाही. सुशी, डिमसम, रामेन, थाई करी, खाओ सुए आणि फो हे सगळं एकाच कार्डावर असेल तर त्यातली एखादीच गोष्ट आतल्या माणसाला मनापासून येते. बाकीची बाटलीतून येते. अशा ठिकाणी वेटरला 'काय चांगलं आहे?' विचारण्यात अर्थ नाही, तो 'सगळंच' म्हणणार. 'शेफ कुठले?' हे विचारा. नेपाळ किंवा दार्जिलिंगकडचे निघाले (बऱ्याचदा निघतात) तर सुशीच्या वाटेला न जाता सरळ मोमो आणि थुक्पा मागवा. चेहरे खुलतात आणि जेवणही.

पुण्यात कुठलं जेवण बरं मिळेल हे इथे कोण येऊन राहिलं त्यावर ठरतं, असं माझं आपलं मत आहे. कोरेगाव पार्कात १९७४ पासून ओशो आश्रम, त्यामुळे परदेशी माणसं, त्यामुळे त्या गल्ल्यांमध्ये आपल्या जिभेची फार भीड न ठेवता स्वयंपाक करणारी हॉटेलं. मलाका स्पाइस तिथे १९९७ पासून आहे. थाई, मलेशियन, इंडोनेशियन, व्हिएतनामी अशा आग्नेय आशियाच्या पट्ट्यातच ते राहतात, सगळं जग कवेत घ्यायला जात नाहीत, म्हणून मला ते बरं वाटतं. भिंतीवर चित्रं, बाहेर झाडाखाली टेबलं. शाकाहारी पदार्थ भरपूर. तुमच्या घरासाठी माझं पहिलं उत्तर तेच.

कोरियन जेवण पुण्यात आलं ते कारखान्यांमुळे. रांजणगावला एलजी, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. या मंडळींसाठी चालवलेली हॉटेलं नगर रस्त्याकडे आणि वाकड-हिंजवडीकडे सापडतात. काही तर बंगल्याच्या तळमजल्यावर, बाहेर धड पाटीही नाही. नावं मुद्दाम देत नाही, कारण ही हॉटेलं भराभर जागा बदलतात आणि मग तुम्ही बंद शटरपुढे उभं राहून मला शिव्या घालाल. फोनवरच्या नकाशात कोरियन लिपीत 'हानशिक' (한식, म्हणजे कोरियन जेवण) टाकून शोधा, इंग्रजीत न सापडणाऱ्या एक-दोन जागा वर येतील. आत गेल्यावर पाहायचं ते एवढंच की टेबलांवर कोरियन माणसं आहेत का. दुपारी साडेबाराला असतात, रात्री उशिरापर्यंत असतात.

तिथे बसल्याबसल्या न मागता छोट्या वाट्या येतात. किमची, तिळाच्या तेलात कालवलेला पालक, मोड, गोडसर बटाटा, कधी काकडी. ही त्यांची ताटाची डावी बाजू म्हणा. त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात. मी नेलेल्या प्रत्येक पुणेकराने पहिल्यांदा 'याचे किती लावतील?' हे हळूच विचारलेलं आहे. मुख्य जेवण म्हणून टेबलावरच्या जाळीवर डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या पट्ट्या भाजतात, कात्रीने कापतात आणि सॅलडच्या पानात लसणीच्या कापासकट गुंडाळून अख्खा घास तोंडात. आईंना जमेल. काकांसमोर नको.

जपानी. पाहुणे मोठे असतील आणि बिल कंपनीचं असेल तर आम्ही रिट्झ-कार्ल्टनमधल्या उकियोला किंवा मंगलदास रोडवरच्या कॉनरॅडमधल्या कोजीला जातो. तुमच्या बजेटात ते बसणार नाही, वाढदिवसाला वगैरे ठेवा. इथे राहणारे जपानी खरं तर घरीच जेवतात. आमचे एक साहेब जपानहून आणलेला तांदूळ संपला की इंद्रायणी वापरतात. मावळातला नवा असला तर मऊ, चिकट, हवा तसा होतो म्हणतात. तीन-चार पाण्यांत हाताने गोल फिरवून धुणार, अर्धा तास भिजत ठेवणार, मग कुकरची शिट्टी न होऊ देता मंद आचेवर. बासमती त्यांना आवडत नाही, दाणा दाण्याला धरत नाही म्हणून.

आता काका. ही खरी अडचण आहे आणि हॉटेलवाले ती नीट सांगत नाहीत. या सगळ्या देशांमध्ये मीठ म्हणून मासा वापरतात. थाई आणि व्हिएतनामी जेवणात फिश सॉस. थाई करीच्या वाटणात सुक्या कोळंबीची पेस्ट. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस. जपानी मिसो सूप शाकाहारी दिसतं, वर टोफू तरंगत असतो, पण खालचं पाणी बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं असतं. चिनी परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस. त्यामुळे नुसतं 'व्हेज आहे ना?' विचारून भागत नाही. टेबल राखायला फोन कराल तेव्हाच विचारा: करीची पेस्ट शाकाहारी लोकांसाठी वेगळी करता का? वेगळी असेल तर प्रश्न मिटला. एकच पेस्ट असेल तर ऐन वेळी त्यातून कोळंबी काढता येत नाही. वेटर 'हो हो, काढून देतो' म्हणाला तर समजा की फक्त वरचे तुकडे काढणार.

आणि गाडी नेऊच नका. आनंदनगर नाहीतर वनाजला मेट्रोत बसा, बंडगार्डन स्टेशनला उतरा, तिथून रिक्षा. कोरेगाव पार्कात शनिवारी रात्री पार्किंग शोधण्यापेक्षा व्हिएतनामला परत जाणं सोपं.

पेठेतला

आशियाई म्हणता आणि इराणला विसरता? इराणी कॅफे गुडलक १९३५ पासून डेक्कनवर आशियाई जेवणच देतंय. बन मस्का, खिमा, चहा. नकाशा काढून बघा.

खाऊगल्ली

मग मिसळही आशियाईच झाली की. विषय संपला.

विमाननगर पीजी

ताई, मी मूळची साताऱ्याची, इथे कॉलेजला आहे. माझ्या खोलीत एक मणिपूरची आणि एक नागालँडची मुलगी आहे, त्यामुळे माझं जेवण पार बदललंय. विमाननगर, खराडी, कोरेगाव पार्क या बाजूला ईशान्येकडच्या मुलांनी चालवलेली छोटी किचन्स आहेत, काही फक्त पार्सल देतात. थुक्पा मागवून बघा. तोही पातळ रस्सा आणि नूडल्स, फोइतका नितळ नसतो पण काकूंना आवडेल. भाज्यांचा मिळतो. नागा जेवणात अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन असतं. पहिल्या दिवशी वासाने मी खोलीबाहेर जाऊन बसले होते, आता भाताबरोबर मीच मागून घेते. ते काकांसमोर उघडू नका, एवढंच.

मोमो कुठलेही चालतील असं समजू नका. गाडीवरचे बरेचसे आधी वाफवून ठेवलेले असतात, पारी जाड आणि कोरडी पडलेली. चांगल्या मोमोला पहिला चावा घेतला की आतून पाणी सुटतं.

डहाणूकर कॉलनी

चाकण शिफ्ट, किती लिहिलंत! घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा मिसो सूपपाशी थांबले. मागे एका लग्नात त्यांनी ते दोन वाट्या प्यायलं होतं, 'ताकाच्या कढीपेक्षा हलकं' म्हणून. आता गप्प बसलेत.

आईचा प्रश्न मात्र तसाच आहे. व्हिएतनामी माणसं पुण्यात नाहीत तर मग खरं फो कुठून मिळणार? आणि नितळ रश्श्यात चव येते कुठून?

चाकण शिफ्ट

पहिल्याचं उत्तर: हॉटेलात मिळेल ते चिकनचं नाहीतर भाज्यांचं. मूळचं गाजलेलं फो गोमांसाच्या हाडांचं, ते २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर महाराष्ट्रात होण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या आईंनी खाल्लेलंही चिकनचंच, म्हणजे काही बिघडत नाही.

दुसऱ्याचं उत्तर आईंना आवडेल, कारण सगळं त्यांच्या मसाल्याच्या डब्यात आहे. आमच्या कंपनीत हनोईच्या कारखान्यातून काही इंजिनिअर ट्रेनिंगला आले होते. त्यांतल्या एकीने गेस्ट हाउसच्या गॅसवर फो केलं तेव्हा मी शेजारी उभी होते. कांदा आणि आल्याचा मोठा तुकडा, दोन्ही सालासकट, थेट जाळावर. आपण वांगं भाजतो त्याहून जास्त, साल काळी ठिक्कर होऊन कांद्यातून रस गळायला लागेपर्यंत. मग नळाखाली धरून वरची काजळी काढली. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत गरम केले आणि फडक्यात बांधले. कुटायचे नाहीत, कुटले की रस्सा गढूळ. कोंबडीची हाडं आधी एक उकळी देऊन ते पाणी चक्क ओतून दिलं. मी ओरडलेच. पण नितळपणा तिथून येतो, फेस आणि रक्त त्या पाण्याबरोबर जातं. मग नवं गार पाणी, भाजलेला कांदा, आलं, पुरचुंडी, आणि दोन-अडीच तास इतक्या मंद आचेवर की मधूनच एखादा बुडबुडा. झाकण अर्धवट, ढवळायचं नाही. शेवटी फिश सॉस आणि खडीसाखरेचा छोटा खडा.

चव मसाला शिजवून रश्श्यात मिसळण्यातून येत नाही, मसाला पाण्याला दाखवून काढून घेण्यातून येते. तिखट, आंबट, पाला हे ज्याने त्याने वरून घालायचं.

काकांसाठी: हाडांऐवजी पांढरा मुळा, गाजर, कोबीचे मोठे तुकडे आणि वाळवलेले शिताके मशरूम. फिश सॉसऐवजी सोया सॉस आणि मीठ. हे काही आपलं पुणेरी जुगाड नाही. व्हिएतनाममध्ये बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या दिवशी असंच करतात. आईंना संकष्टीलाही चालेल, चंद्रोदयानंतर.

मंडईपाशी

मी बरीच वर्षं घरी थाई जेवण करते, साहित्याचं सांगते.

राइस नूडल्स, फिश सॉस, शिताके कॅम्पातल्या दोराबजीमध्ये मिळतील. एनआयबीएम रोडकडे असलात तर तिथल्या मोठ्या दुकानात. मोड, मुळा, पाती मंडईत. पॉकचॉय आणि असली विलायती भाजी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात बघा, सकाळी.

गवती चहा मंडईत जुडीने मिळतो, पण तो नुसता पाला. थाई स्वयंपाकाला बुडखा लागतो, जाड पांढरा. तो हवा तर कुंडीत लावा आणि मुळापासून उपटा.

बेझिलच्या पानांना दुकानात पैसे घालवू नका. फालुद्यात घालतो तो सब्जा कुंडीत पेरा. त्याचंच भावंड आहे थाई बेझिल. पानं खुडून रश्श्यावर घातली की बडीशेपेसारखा वास येतो. आणि थाई लोक मिरची-लसणीवर परतलेल्या चिकनमध्ये जी पानं घालतात ती सरळसरळ आपली तुळस. मी एकदा केलं. घरच्यांना खूप आवडलं, सासूबाईंना पानं कुठली ते अजून सांगितलेलं नाही.

खाऊगल्ली

वृंदावनातली??

मंडईपाशी

गच्चीतली, वेगळी लावलेली. एवढी मीही बंडखोर नाही.

डहाणूकर कॉलनी

ठरलं. बुधवारी दुपारी मेट्रोने कोरेगाव पार्क. मलाकाला फोन केला, काकांचे, म्हणजे आमच्या बाबांचे, प्रश्न सगळे विचारून झाले. आता बाबाही यायला तयार आहेत, मात्र निघण्यापूर्वी दोन पोळ्या खाऊन.

आणि पुढच्या रविवारी घरी फो. आईने आजच गॅसवर कांदा जाळून बघितला, मजल्यावरची दोन बिऱ्हाडं विचारायला आली. एकच शंका: नूडल्स शेवयांसारख्या उकळायच्या का?

चाकण शिफ्ट

अजिबात नाही, लगदा होईल. रुंद, चपट्या घ्या. साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मग गाळणीत घालून उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून थेट वाडग्यात. एकेका माणसाच्या वेगळ्या. रस्सा उकळता हवा आणि माणसं आधी टेबलावर बसलेली हवीत. काकांचा वाडगा पहिला भरा आणि त्यांचा डाव वेगळा ठेवा.